झेनला आर-वनचे कार्ब: सीसी जुळले म्हणून हवा जुळत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची १९९७ सालची कार्ब्युरेटरवाली मारुती झेन आहे, इंजिन मूळचंच आहे, आणि पहिल्या पिढीच्या यामाहा आर-वन बाइकच्या चार कार्बचा (कार्ब्युरेटरचा) सेट तुमच्या हाती लागला आहे. आर-वन ९९८ सीसी, झेन ९९३ सीसी, दोन्ही चार सिलिंडर. मग मॅनिफोल्ड (कार्बपासून इंजिनापर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांचा जोड) बनवून कार्ब बसवले की झालं का, ताकद किती वाढेल, आणि ॲव्हरेजचं काय?

कोल्हापुरात उद्यमनगरला माझं गॅरेज आहे. आजवर पाच झेन, दोन जिप्सी आणि एक तीन सिलिंडरची मारुती ८००, एवढ्या गाड्या बाइकच्या कार्बवर आणून झाल्या. त्यामुळे आधीच सांगतो, काम होण्यासारखं आहे. पण तुम्ही ज्या हिशेबाने आर-वनचे कार्ब निवडलेत तो हिशेबच चुकला आहे, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. माझीही पहिली झेन अशीच होती.

कार्बला सीसी कळत नाही, त्याला फक्त तोंडातून जाणारी हवा कळते. आर-वनचं एक सिलिंडर सुमारे २५० सीसीचं, आणि इंजिन पूर्ण ताकद देतं १०,००० आरपीएमला. चार स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढली जाते, म्हणजे प्रत्येक कार्बमधून मिनिटाला साधारण १,२५० लिटर हवा. झेनचं सिलिंडर २४८ सीसीचं, पण पूर्ण ताकद ६,५०० ला. मिनिटाला सुमारे ८०० लिटर. म्हणजे दोन तृतीयांशाहूनही थोडी कमीच. आर-वनच्या कार्बचं तोंड ४० मिमीचं. त्याच्या क्षेत्रफळाचे तेवढे भाग घेतले तर व्यास येतो ३२ मिमी. आणि हासुद्धा सढळ हिशेब झाला, कारण बाइकचं हेड आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सिलिंडर जितकं ठासून भरतात तितकं झेनचं आठ व्हॉल्व्हचं हेड भरत नाही. तिकडे १५० घोडे, इकडे ५०. यावरूनच ओळखा.

म्हणून मूळ इंजिनाच्या झेनला सर्वांत छान बसतात ते ४०० सीसी चार सिलिंडर बाइकचे कार्ब, साधारण ३० ते ३२ मिमीचे. ते मिळणं अवघड. त्याखालोखाल ६०० सीसीवाले, म्हणजे होंडा सीबीआर ६०० एफ-थ्री किंवा कार्बवाली जीएसएक्स-आर ६००. दोन्हींचे ३६ मिमीचे. पुढे कधी कॅम बदलायचा विचार असेल तर ३६ घ्याच. फायरब्लेडचे ३८ आणि आर-वनचे ४० हे १.३ ते १.६ लिटरच्या इंजिनांचं खाणं. इंग्लंडमध्ये जुन्या फोर्ड एस्कॉर्टच्या १.६ लिटर इंजिनांवर हे सर्रास दिसतात, आणि तिथल्या गाड्यांचे फोटो बघूनच आपल्याकडची मंडळी आर-वनच्या मागे लागतात.

मग तुमचा सेट अगदी वाया गेला का? तसं नाही. हे कार्ब सीव्ही, म्हणजे आत हवेचा वेग साधारण सारखा ठेवणाऱ्या पद्धतीचे आहेत. तुम्ही केबलने उघडता ती फक्त मागची फुलपाखरासारखी चकती. पुढची स्लाइड रबरी डायफ्रॅमवर टांगलेली असते आणि इंजिन जेवढं ओढेल तेवढीच वर जाते. त्यामुळे मोठा सीव्ही कार्ब लहान इंजिनाला आपोआप थोडा लहान होऊन दाखवतो. साध्या स्लाइडचे रेसिंग कार्ब लावले असते तर पाय दाबताच गाडी घुसमटली असती. इथे तसं होत नाही. पण झेनवर ४० मिमीच्या स्लाइड अर्ध्याच्या वर फारशा जात नाहीत. म्हणजे स्लाइडला खाली लावलेल्या, पेट्रोलच्या नळीत उतरणाऱ्या सुईचा जाड भागच कायम कामाला लागतो, बारीक टोक नळीत बसूनच राहतं आणि मेन जेट (पेट्रोल मोजून देणारं मुख्य भोक) बदलून काही कळतच नाही. माझ्या पहिल्या झेनवर मी तीन आठवडे मेन जेट बदलत होतो. गाडीला त्याचा पत्ताच नव्हता. शक्य असेल तर हा सेट एखाद्या जिप्सीवाल्याला द्या आणि ६०० चा घ्या.

आता बसवण्याचं. झेनचं एक सुख असं की इंजिन आडवं आहे आणि इनटेक मागच्या बाजूला, इंजिन आणि फायरवॉलच्या (केबिनसमोरच्या पत्र्याच्या) मध्ये. बाइकमध्येही कार्ब सिलिंडरच्या मागेच असतात. त्यामुळे कार्बची दिशा बाइकसारखीच राहते. ब्रेक मारला, पिकअप घेतला की बाउलमधलं (कार्बच्या तळाच्या वाटीतलं) पेट्रोल ज्या दिशेला जायची कार्बला सवय आहे त्याच दिशेला जातं. वळणावर मात्र फरक पडतो. बाइक वळताना झुकते, त्यामुळे पेट्रोलची पातळी कार्बच्या मानाने सरळच राहते. कार झुकत नाही, म्हणून पेट्रोल बाउलच्या एका भिंतीवर चढतं. बाइकच्या कार्बने हे जन्मात कधी अनुभवलेलं नसतं. साध्या रस्त्यावर काही होत नाही, पण ऑटोक्रॉसला (वळणांच्या आखलेल्या ट्रॅकवरच्या शर्यतीला) लांब वळणात एक-दोन सिलिंडर क्षणभर मिसिंग करतात तेव्हा लोक जेट बदलत बसतात. दोष जेटचा नसतो, फ्लोटची (बाउलमध्ये पेट्रोल किती राहील ते ठरवणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी मिलिमीटरभर खाली असते.

कार्बचा कलही बाइकवर होता तोच ठेवा. बाउलच्या गॅस्केटची रेघ बाइकवर किती तिरकी होती ते त्या बाइकच्या फोटोवरून काढा आणि मॅनिफोल्ड त्याप्रमाणे तिरका करा. पाच-सात अंश इकडेतिकडे चालतात. पंधरा अंश फरक पडला की फ्लोटची पातळी खोटी बोलायला लागते.

मॅनिफोल्डसाठी हेडचं नवीन गॅस्केट घ्या, ते स्कॅन करून १० मिमी माइल्ड स्टीलच्या प्लेटमधून लेझरने फ्लँज (हेडवर बोल्टने बसणारी जाड पट्टी) कापून घ्या. शिरोलीला हे काम एका दिवसात होतं, तुमच्याकडे सांगलीच्या एमआयडीसीतही होईल. वेल्डिंगनंतर फ्लँज हमखास केळ्यासारखी वाकते, म्हणून सगळं वेल्डिंग झाल्यावर तोंडावर एकदा सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. हे वाचवायला गेलेल्यांच्या गाड्या आयडलवर (पाय न दाबता इंजिन चालू असताना) कायम भुकेल्या राहतात, कारण गॅस्केटमधून हवा खेचली जाते.

इथे झेनची एक खोच आहे. या घराण्याच्या इंजिनांत इनटेक मॅनिफोल्डमधून कूलंट फिरतं आणि थर्मोस्टॅटचं घरही मॅनिफोल्डवरच असतं. तुम्ही चार नळ्यांची नुसती फ्लँज बनवलीत तर पाण्याचा रस्ताच बंद होईल. दोन उपाय आहेत. जुन्या बाजारातून दुसरा मूळ मॅनिफोल्ड आणा, हेडकडचा भाग पाण्याच्या कप्प्यासकट राखून पुढचा कापा आणि त्याला ॲल्युमिनियमच्या नळ्या टिग वेल्ड करा. किंवा स्टीलच्या फ्लँजवर पाण्यासाठी वेगळी पेटी बनवून थर्मोस्टॅट तिच्यात बसवा. मी पहिला मार्ग घेतो. वेल्डर मात्र ॲल्युमिनियमचा हात असलेला हवा. जुनं कास्टिंग तेल प्यायलेलं असतं आणि भाजताना नुसतं बुडबुडे काढतं.

कार्बमधलं अंतर आणि पोर्टमधलं अंतर जुळणार नाही. बाइकच्या सेटमध्ये बऱ्याचदा मधल्या दोन कार्बमधली फट बाजूच्या फटींपेक्षा वेगळी असते. सेट सुटा करून लांब रॉड आणि नवे पेट्रोलचे टी-जोड घालून अंतर जुळवता येतं, पण टी-जोडातल्या ओ-रिंगा एकदा हलल्या की गळायला लागतात. सेट जसा आहे तसा ठेवा आणि मॅनिफोल्डच्या नळ्यांना हलका बाक द्या. थोड्याशा बाकाने पन्नास घोड्यांच्या इंजिनाचं काही बिघडत नाही. मॅनिफोल्ड आणि कार्ब यांच्यामध्ये बाइकचे मूळ रबरच वापरा. ते फक्त जोडायला नसतात, इंजिनाची थरथर कार्बपर्यंत जाऊ देत नाहीत. थरथर पोचली की बाउलमध्ये पेट्रोलला फेस येतो. बाजारात मिळणारा साधा निळा सिलिकॉन पाइप लावू नका, पेट्रोलने तो फुगतो आणि मऊ पडतो.

आता ज्या गोष्टीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो ती, पेट्रोलचा दाब. बाइकवर टाकी कार्बच्या हातभर वर. ४० सेंटिमीटर उंचीवरून उतरणाऱ्या पेट्रोलचा दाब अर्धा पीएसआय (दाबाचं माप) सुद्धा भरत नाही. काही बाइकना छोटा पंप असतो, पण तोही नरमच. झेनचा कॅमवर चालणारा मेकॅनिकल पंप तीन-चार पीएसआय सहज देतो. बाइकच्या फ्लोटची सुई तेवढ्या दाबापुढे बसतच नाही. कार्ब आतून भरतो आणि उतरत्या मॅनिफोल्डमधून पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये.

माझ्या दुसऱ्या गाडीला मी हौसेने इलेक्ट्रिक पंप लावला होता. इग्निशन चालू ठेवून डॅशबोर्डखाली वायरिंग शोधत बसलो, पंधरा मिनिटं गेली असतील. मग स्टार्टर मारला तर इंजिन "टक्" करून जागीच अडकलं. प्लग काढले तर तीन नंबरमधून पेट्रोलचं कारंजं उडालं. नशीब, स्टार्टरवरच होतं, चालू इंजिनात हे झालं असतं तर कनेक्टिंग रॉड वाकला असता. डिपस्टिक काढली तर ऑइल खुणेच्या बोटभर वर, आणि वास नुसता पेट्रोलचा. सगळं ऑइल ओतून टाकलं.

तेव्हापासून मी झेनचा मेकॅनिकल पंपच ठेवतो. इंजिन थांबलं की तो थांबतो, याहून चांगली सुरक्षा कुठली? टाकीकडे परत जाणारी लाइनही मारुतीने दिलेलीच आहे. ती बंद करू नका. पंपापुढे रिटर्नवाला रेग्युलेटर लावून दाब दोन पीएसआयच्या आत आणा. रेग्युलेटरवर लिहिलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका, दाब दाखवणारं घड्याळ लावून बघा. स्वस्तातले रेग्युलेटर इंजिन आयडलवर असताना दाब हळूहळू चढू देतात. दहा मिनिटं आयडलवर ठेवून काटा स्थिर राहतो का ते पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. आणि टूलबॉक्सच्या शेजारी ड्राय पावडरचा अग्निशामक ठेवा. एक्झॉस्ट पुढे आणि कार्ब मागे असले तरी गळलेलं पेट्रोल गिअरबॉक्सवरून कुठेही जातं.

व्हॅक्युमचं लोक विसरतात. ब्रेकच्या बूस्टरला (ब्रेक पेडल हलकं करणाऱ्या भागाला) मूळ मॅनिफोल्डमधून सलग ओढ मिळत होती. आता चार सिलिंडर वेगळे झाले; एकाच नळीवरून बूस्टर जोडला तर पेडल दगडासारखं लागतं आणि त्या सिलिंडरचं आयडल बिघडतं ते वेगळंच. चारही नळ्यांना चार-पाच मिमीचे निपल टाका, ते एका छोट्या बंद डब्यात आणा, आणि डब्यातून वन-वे व्हॉल्व्हमार्गे बूस्टरला. याच निपलवर पुढे बॅलन्सिंगचे (चारही कार्ब सारखी हवा देतात का ते जुळवण्याचे) गेज लावता येतात. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्युम ॲडव्हान्सची (ओढीनुसार ठिणगीची वेळ बदलणाऱ्या भागाची) नळी या डब्यावर लावू नका. ती मूळ गाडीत चकतीच्या अलीकडून येत होती, आयडलला तिथे ओढ नसते. एखाद्या कार्बला त्या जागी निपल असेल तर तिथून घ्या.

केबलचं काम सोपं, पण पेडलची चाल आणि कार्बच्या चाकाचा घेर जुळवावा लागतो. नाहीतर पेडल दोन बोटं दाबताच कार्ब पूर्ण उघडे, आणि गर्दीत गाडी बेडकासारखी उड्या मारते.

जेटिंगबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवलीत तर निम्मं काम झालं: जेट आधी कार्बच्या तोंडाशी जुळतं, मग इंजिनाशी. म्हणून बाइकच्या मूळ जेटनेच सुरुवात करा, कुणाच्या यादीवरून उचललेले आकडे घालू नका. वर मिकुनी आणि केहीनचे आकडेही एकाच मापाचे नाहीत. केहीनचं १३० म्हणजे १.३० मिमीचं भोक. मिकुनीच्या बहुतेक जेटवर लिहिलेला आकडा वाहणाऱ्या पेट्रोलचा असतो.

मूळ जेटवरून किती वर जायचं याला आपल्याकडे एक वेगळं कारण आहे, आणि ते इंग्लंडच्या कुठल्याच जुन्या यादीत सापडणार नाही. आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. नुसत्या पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे त्याच हवेला सुमारे आठ टक्के जास्त इंधन द्यायला हवं. भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्के वाढवायचं तर व्यास चार टक्के. १३० च्या जागी १३५. बाइकचा एअरबॉक्स काढून उघडा फिल्टर लावणार असाल तर आणखी दोन-तीन पायऱ्या वर. इथेनॉलचा दुसरा त्रास रबराला. पंचवीस वर्षं जुन्या कार्बमधल्या फ्लोट सुईचं टोक, बाउलच्या गॅस्केट, टी-जोडांच्या ओ-रिंगा हे सगळं नवीन घाला. डायफ्रॅम उजेडासमोर धरून बघा. टाचणीएवढं भोक असलं तरी ती स्लाइड अर्ध्यावर अडते.

क्रम असा ठेवा: आधी पूर्ण पाय दाबून वरचा टप्पा, मेन जेटवर. मग मधला, सुईच्या उंचीवर. सुईला खाचा नसतील तर खाली अर्ध्या मिमीचे वॉशर घालून ती उचला. शेवटी आयडल, पायलट स्क्रूवर, अडीच फेऱ्यांपासून सुरू करून. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक वेळी मागचं केलेलं मोडतं. कानाने आणि प्लगच्या रंगाने मीही वीस वर्षं काम केलं, पण आता एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर (हवा आणि इंधनाचं प्रमाण दाखवणारा) लावल्याशिवाय जेटला हात लावत नाही. इथेनॉलच्या पेट्रोलवर प्लग फिकटच दिसतो आणि माणूस उगाच जेट वाढवत जातो. गेज साध्या पेट्रोलच्या प्रमाणावर ठेवून पूर्ण पाय दाबल्यावर १२.५ ते १३ आणि सरळ चालीत १४ च्या आसपास दिसलं की मी थांबतो.

बॅलन्सिंग आधी एक-दोन, मग तीन-चार, मग दोन्ही जोड्या मधल्या स्क्रूने. चार व्हॅक्युम गेज नसतील तर पारदर्शक नळीत दोन-स्ट्रोक ऑइल भरून दोन-दोन सिलिंडर तुलना करता येतात. नळी डोक्यापर्यंत उंच ठेवा, नाहीतर इंजिन ऑइल पिऊन टाकतं आणि अख्ख्या गल्लीत धूर होतो. हेही करून झालं आहे.

चाचणी मी गगनबावड्याला घेतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर. करूळ घाट उतरून वैभववाडीला गेलं की हवा दाट होते, आणि कोल्हापुरात बरोबर लागलेला मेन जेट खाली जरा कमी पडतो. मुंबईच्या पाहुण्याने जेटिंग करून आणलेली गाडी इकडे उलट किंचित जड वाटते. सीव्ही कार्ब यातलं थोडं आपलं आपण सांभाळतात, पण सगळं नाही. ज्या उंचीवर गाडी जास्त चालणार तिथेच शेवटचा हात फिरवा.

ताकदीचं खरं सांगतो. मूळ कॅम, मूळ कॉम्प्रेशन, मूळ सायलेन्सर असेल तर पाच घोडे मिळाले तरी नशीब समजा. मिळतं ते दुसरंच, पाय हलवला की इंजिन त्याच क्षणी उत्तर देतं आणि ४,५०० च्या वर मूळ कार्ब जसा दमायचा तसा दम लागत नाही. आधी एक्झॉस्टचा हेडर करा, मग इग्निशनचं टायमिंग बघा, कार्ब तिसरे. ॲव्हरेज १६ देणारी झेन माझ्याकडे नीट जेटिंगनंतर १३ च्या आसपास स्थिरावली आहे.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी ठरेल अशी फेरफार गाडीत करता येत नाही, आणि विमा कंपनी अपघातानंतर हेच कलम काढते. पीयूसीला तुमच्या सालच्या गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमपर्यंत चालतं. पायलट स्क्रू नीट असतील तर चार कार्बवरही ते जमतं. गाडी मुंबईत नवी घेतलेली असेल तर मात्र खालून वाकून बघा. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला होता. तो अजून जागेवर असेल तर जेटिंगच्या दिवसांत न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तो लालभडक होतो, आतली जाळी वितळते आणि एक्झॉस्ट बुजतो. त्या काळापुरता साधा पाइप, नंतर परत कन्व्हर्टर. आणि मूळ कार्ब, मॅनिफोल्ड, एअर क्लीनर, सगळे नटबोल्ट डब्यात घालून त्यावर चिठ्ठी लावून ठेवा. गाडीच्या पुनर्नोंदणीच्या वेळी मी स्वतः दोनदा सगळं मूळ रूपात आणलं आहे. डबा असेल तर एका दिवसाचं काम आहे.

फिल्टरचं शेवटी विचारलंत. चार सुटे गोल फिल्टर फोटोत देखणे दिसतात, पण सीव्ही कार्बला तोंडापाशी शांत हवा लागते. स्लाइड उचलणारी बारीक छिद्रं तोंडाच्या कडेलाच असतात आणि कित्येक फिल्टरचा रबर नेमका त्यांच्यावरच बसतो. उसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर जी धूळ असते ती वेगळीच. फायरवॉलपर्यंत जागा मोजा, पत्र्याचा किंवा फायबरचा एक डबा चारही तोंडांवर बसवा, बाउलच्या व्हेंटच्या नळ्याही त्याच डब्यात सोडा आणि डब्याला एकच मोठा फोमचा फिल्टर लावा. डब्याने पाय दाबल्यावरचा तो फाडणारा आवाज निम्म्याने कमी होतो. तुम्हाला तो आवाज हवाय हे प्रश्नावरून कळलंच, पण वडील अजून रोज सकाळी हीच झेन घेऊन मंडईत जातात असंही तुम्हीच लिहिलंय. डबा लावाच.